भोंगा थांबल्यानंतरचा घरहिशेब

इंदूरच्या मराठी माणसाचा इतिहास म्हटला की आपण स्मरणिकेत होळकरांपासून सुरुवात करतो. मल्हारराव, अहिल्यादेवी, राजवाडा, सरदारांचे वाडे, संस्थानी नोकऱ्या, मग १९४८ चे विलीनीकरण आणि १९५६ मध्ये राजधानी भोपाळला ठरल्यावर कचेऱ्यांच्या मागोमाग गेलेली कुटुंबे. हे लिहायलाच हवे आणि जाणकारांनी ते चांगले लिहिलेही आहे. पण याच शहरात मराठी बोलणारी आणखी एक वस्ती होती. ती वाड्यात नाही, चाळीत राहत होती. तिच्या घरी घड्याळ असो वा नसो, मिलचा भोंगा होता. खानदेशातून, वऱ्हाडातून कामासाठी आलेली ही कुटुंबे परदेशीपुरा, पाटनीपुरा, मालवा मिल, कुलकर्णी का भट्टा, नंदानगर या भागांत उत्तर प्रदेश, राजस्थान आणि माळव्यातल्या कामगारांच्या शेजारी राहिली. घरात मराठी आणि ओट्यावर हिंदी बोलत त्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या.

त्या घरांची आठवण आपल्या पानांवर फार थोडी येते. आम्ही त्या भागात लहानाचे मोठे झालो, म्हणून या वर्षी तिकडचे लिहायचे ठरवले. तेही मिलचा सगळा इतिहास नाही. मिल बंद पडल्यावर या घरांनी महिना कसा काढला, एवढीच बाजू.

मिलची हकिकत थोडक्यात सांगावी लागेल. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या काळात संस्थानाने पहिली कापड गिरणी काढली. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मालवा युनायटेड, हुकुमचंद, कल्याणमल, स्वदेशी, राजकुमार अशा मिल उभ्या राहिल्या आणि इंदूर कापडाचे शहर झाले. स्वातंत्र्यानंतर यंत्रे जुनी होत गेली, पॉवरलूमचे स्वस्त कापड बाजारात आले, मालकांनी कमावलेले पुन्हा मिलमध्ये घातले नाही. १९७४ च्या कायद्याने मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी या मिल सरकारकडे गेल्या आणि आणखी काही वर्षे धकल्या. हुकुमचंद मिल खासगीच राहिली आणि १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद झाली. तिथे तेव्हा ५,८९५ कामगार होते. राष्ट्रीयीकृत मिलही पुढच्या दहा-बारा वर्षांत स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हातावर ठेवून मिटल्या. स्वेच्छानिवृत्ती हा शब्द सरकारी कागदावरचा. त्यातली स्वेच्छा किती होती, हे आम्ही सरकारी नोकरीत असूनही सांगू शकत नाही.

आता घराकडे येऊ. मिल चालू असताना कामगाराच्या घराचा हिशेब कारकुनाच्या घरासारखाच चोख असे, किंबहुना जास्तच. ठरलेल्या तारखेला पगार, त्यात महागाई भत्ता, दिवाळीआधी बोनस. १९६५ च्या कायद्यापासून बोनसचा किमान दर ठरलेला होता, पुढे तो ८.३३ टक्के झाला, म्हणजे वर्षाला एक महिन्याचा पगार. या एका जादा पगारावर घरातली सगळी मोठी कामे बेतलेली असत. कपडे, देणी, एखादे भांडे, मुलीच्या लग्नासाठी थोडे सोने. किराणा महिन्याच्या उधारीवर येई. दुकानदाराकडे एक वही, घरात दुसरी. पगाराच्या दिवशी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून आकडे जुळवायचे आणि खाते कोरे करायचे. बहुतेक घरांत पगाराचे पाकीट नवऱ्याच्या हातातून बायकोच्या हातात जाई आणि वही तीच लिही. ती शिकलेली नसेल तर मुलगी लिही. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलींचे शुद्धलेखन या वहीवरच सुधारले.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे वर्षाचा गहू. चैत्र-वैशाखात मंडीत नवा गहू आला की लोकवन किंवा ऐपत असेल तर शरबती, पोत्यांनी घ्यायचा, निवडायचा, ऊन दाखवायचे, एरंडेल चोळून कोठीत भरायचा. तिखट, हळद, डाळीही तशाच. माळव्यात ही पद्धत श्रीमंत-गरीब सगळ्यांत होती. वर्षाचे एकदम घेतले की भाव निम्म्यावर येत नसे, पण पावसाळ्यात आणि दिवाळीला चढणाऱ्या भावापासून घर वाचत असे. मुख्य म्हणजे कोठी भरलेली असली की पुढे काहीही होवो, भाकरी-पोळीची चिंता नाही, हा धीर असे.

मिल बंद पडल्यावर सगळ्यात आधी मोडली ती ही कोठी. पहिल्या वर्षी जुन्या गव्हावर निभावले. दुसऱ्या वर्षी वैशाखात हातात रक्कम नव्हती, म्हणून गहू दहा किलो, मग पाच किलो, मग आठवड्याला चक्कीवरूनच तयार पीठ. तेल डब्यावरून सुट्यावर आले, चहापत्ती अर्ध्या किलोवरून पुडीवर. ज्याच्याकडे पैसा कमी त्यालाच वस्तू महाग पडते, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकात असेल, पण आम्ही ती चक्कीसमोरच्या रांगेत पाहिली. रेशनचा गहू, साखर आणि रॉकेल यांना तेव्हा किती किंमत होती हे वेगळे सांगायला नको. रेशनकार्ड हे घरातले सर्वांत जपलेले कागदपत्र असे. पत्र्याच्या पेटीत, सोन्याच्या डबीखाली.

एका परिचितांच्या घरी त्या काळातल्या अशा तीन वह्या आम्हाला पाहायला मिळाल्या. साध्या शाळेच्या वह्या. पहिलीत पानाच्या डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमेच्या बाजूला महिन्यातून एकच ओळ, पगाराची. तिसरीत जमेची बाजू खर्चापेक्षा लांब झालेली आहे आणि आकडे लहान-लहान आहेत. शिलाई, पापड, खोलीभाडे, शिकवणी, रद्दी, भाऊ, पुन्हा शिलाई. ‘भाऊ’ म्हणजे माहेरून आलेली मदत. तिच्यापुढे दर वेळी ‘परत’ असे लिहिले आहे आणि काही ओळींवर नंतर काट मारली आहे. खर्चाच्या बाजूला दूध कमी होत जाते, वर्तमानपत्र बंद होते, केबल तर कधी आलीच नव्हती. पण शाळेची फी, वीज आणि गणपतीची वर्गणी या ओळी तिन्ही वह्यांत आहेत. औषधाची ओळ मुलांच्या आणि आजोबांच्या नावाने येते. वही लिहिणाऱ्या बाईंच्या नावाने ती आम्हाला कुठेच सापडली नाही. त्या आजारी पडल्या नसतील असे नाही.

नवऱ्याचे काम गेले हे पहिले काही महिने लपवण्याचाच प्रयत्न होई. डबा घेऊन सकाळी नेहमीच्या वेळेला बाहेर पडायचे, मिलच्या फाटकावर सगळ्यांबरोबर बसायचे, संध्याकाळी परत. मिल पुन्हा सुरू होणार ही आशा खरी होती, ती नुसती बतावणी नव्हती. पण या आशेपायी अनेकांनी दुसरे काम उशिरा धरले. वीस-पंचवीस वर्षे एकाच साच्यावर किंवा एकाच खात्यात काढलेल्या पंचेचाळिशीच्या माणसाला बाहेर ‘तुला काय येते’ असे विचारले तर सांगण्यासारखे थोडेच असे. त्यातले वीजकाम, सुतारकाम, फिटर खात्यातले लवकर सावरले. बाकीच्यांनी सियागंजमध्ये हमाली केली, रात्रीची चौकीदारी केली, टेम्पो-रिक्षा चालवली, ठेला लावला. पोह्यांचे ठेले तेव्हा किती वाढले हे त्या भागातल्या माणसाला विचारा. एक कढई, एक स्टोव्ह, पोहे, कांदा, शेव, जिरावण. भांडवल इतके कमी की पहिल्या दिवसाच्या गल्ल्यातून दुसऱ्या दिवसाचा माल येतो. इंदूरचे पोहे आज देशभर कौतुकाचा विषय झाले आहेत. ते खाताना कुणाला बंद मिल आठवत नाही, आणि आठवावी असा आमचा आग्रहही नाही.

खरा आधार मात्र घरातून आला. रेडीमेड कपड्यांचा धंदा इंदुरात वाढत होता. व्यापाऱ्याचा माणूस कापलेले कापड घरी टाकून जाई आणि डझनाच्या दराने शिवून, काज-बटण करून घेई. सुई, दोरा, मशीनचे तेल, विजेचे बिल बाईचे. हे सगळे वजा केल्यावर मजुरी किती उरते, याचा हिशेब व्यापारी करत नसे आणि बहुतेक घरांतही कुणी करत नसे. ज्या तीन वह्यांचा उल्लेख केला त्यांत मात्र दोऱ्याच्या रिळांची ओळ वेगळी आहे. साडीला फॉल-पिको, अगरबत्ती वळणे, नमकीनच्या कारखान्यातून पाकिटे भरायला आणणे, अशीही कामे होती.

पापडाचे गणित वेगळे. पापड, कुरडया, मुगाच्या वड्या हे उन्हाळ्याचे उत्पन्न. जूनच्या शेवटी पाऊस आला की ऊन गेले आणि जमेची ती ओळ थांबली. नेमक्या त्याच वेळी शाळा उघडलेल्या असत, फी-पुस्तके-गणवेश, मग राखी, गोकुळाष्टमी, गणपती. म्हणून जुलै ते सप्टेंबर हे मिलबंदीच्या घरातले सर्वांत कठीण महिने. आपण ज्या दिवसांत वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन फिरतो ते हेच दिवस, हे आमच्या लक्षात फार उशिरा आले.

दिवाळीला पुन्हा हात चालू लागत. रामबाग, तिलकनगर, स्नेहलतागंज, लोकमान्यनगर या भागांतल्या नोकरदार मराठी घरांत तोवर दोघेही कामावर जाऊ लागले होते आणि फराळ बाहेरून करून घेण्याची सवय लागत होती. चकली, अनारसे, करंज्या, चिवडा यांची मागणी किलोवर घेतली जाई. श्रावणात पुरणपोळ्या. या मागणीत ओळख लागे, कारण ‘आपल्या पद्धतीची’ चकली हिंदी भाषक हलवायाकडे मिळत नसे. इंदुरातले दोन मराठी समाज, वाड्याचा आणि चाळीचा, एरवी गणेशोत्सवात दोन वेगळ्या मांडवांत असत. फराळाच्या डब्यामुळे त्यांची भेट होऊ लागली. ती भेट बरोबरीची नव्हती. भाव करताना घासाघीस होई, डबा परत करताना तो रिकामा द्यायचा नाही हा आपला रिवाज मात्र बहुतेकींनी पाळला. आज हे वाचणाऱ्या अनेकांच्या घरी ते डबे आलेले असतील.

रोकड कमी पडे तेव्हा भिशी. इंदुरात तिला बीसी म्हणतात. साधी भिशी सगळ्यांना ठाऊक आहे: वीस बायका, प्रत्येकीचे शंभर, दर महिन्याला चिठ्ठी. पण बोलीची भिशीही चालत असे. तिच्यात ज्या बाईला पैशाची निकड आहे ती कमी रक्कम घ्यायला तयार होते. दोन हजारांच्या जागी सोळाशे उचलले तर उरलेले चारशे वीसजणींत वाटले जातात, प्रत्येकीला वीस. ज्यांना गरज नाही त्यांना घरबसल्या फायदा आणि जिला गरज आहे तिला तोटा. तरीही सराफाकडे दरमहा शेकडा दोन-तीन रुपये व्याजाने दागिना ठेवण्यापेक्षा ते बरे वाटे. काही गटांनी आपसांत ठरवून मिलबंदीच्या घराला पहिली चिठ्ठी न काढताच दिली. याची नोंद कुठे सापडायची नाही.

घरातल्या वस्तू जाण्याचाही क्रम होता. आधी तांब्या-पितळेची मोठी भांडी मोडीत, त्या जागी थोडे स्टील. मग बांगड्या. मग सायकल, पण सायकल विकणे शहाणपणाचे नव्हते कारण कामाला जायची तीच. मंगळसूत्र शेवटी, आणि गेले तरी काळी पोत गळ्यात असेच, म्हणून बाहेर कळत नसे.

नंदानगरात ज्यांची घरे होती ते तुलनेने बरे राहिले. गुलझारीलाल नंदांच्या नावाची ही कामगार वसाहत. कामगार पुढारी वि. वि. द्रविड यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. डोक्यावर छप्पर स्वतःचे असले की पुढची खोली भाड्याने देता येते, ओट्यावर किराणा टाकता येतो. चाळीतल्या भाडेकरूकडे तो उपाय नव्हता. आमच्या मते एखाद्या घराची पुढची तीस वर्षे कशी गेली, हे नवऱ्याच्या पगारापेक्षा या एका गोष्टीवर जास्त ठरले.

मुलांचे काय झाले हेही सांगितले पाहिजे. थोरला मुलगा नववी-दहावीत शाळा सोडून गॅरेजमध्ये किंवा दुकानात लागला आणि त्याच्या कमाईवर धाकटे शिकले, असे घरामागून घर आहे. धाकट्यांपैकी काही आज आमच्यासारखे डिप्लोमा करून सरकारी खात्यात आहेत. थोरला अजून गॅरेजमध्येच आहे.

वहीत आणखी एक ओळ असते, जमा आणि खर्च या दोन्हींच्या बाहेर, शेवटच्या पानावर: येणे. मिलकडून येणे. ग्रॅच्युइटी, बंदीची भरपाई, थकलेला पगार, रजेचे पैसे. घरातली सर्वांत मोठी रक्कम हीच. तिच्यावर मुलीचे लग्न ठरले, घरदुरुस्ती पुढे ढकलली गेली, उसने घेताना तिचाच हवाला दिला गेला. दुकानदारानेही तिच्याकडे पाहूनच उधारी वाढू दिली.

ही रक्कम का आली नाही ते सोपे नाही, पण समजून घेण्यासारखे आहे. आजारी कारखान्यांसाठी १९८५ चा कायदा होता. त्याखाली मिल पुन्हा चालवता येते का याचा विचार आधी होई आणि तो चालू असेपर्यंत वसुलीची पावले थांबत. मिल चालणारच नाही असे ठरल्यावर कंपनीचे विसर्जन आणि लिक्विडेटर. मग विकायला उरते जमीन. कंपनी कायद्यातल्या १९८५ च्या दुरुस्तीने कामगारांचे देणे तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीने ठेवले, हा मोठा आधार. पण हुकुमचंद मिलच्या बाबतीत जमीन नेमकी कुणाची यावरच वाद लागला, आणि जमीन विकल्याशिवाय पैसा नाही. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने कामगारांचे देणे २२९ कोटी रुपये ठरवले. त्यातला थोडा भाग दहा वर्षांनी हातात पडला. बाकीच्या देण्यापोटी व्याज धरून सुमारे २२४ कोटींचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला आणि सुमारे ४,८०० कामगारांना त्याचा लाभ होईल असे सांगण्यात आले.

आम्ही एक साधा भागाकार करून पाहिला. २२९ कोटी भागिले ५,८९५, म्हणजे सरासरी एका कामगारामागे चार लाखांच्या आत. बंदीपासून तेवीसच्या डिसेंबरपर्यंत बत्तीस वर्षे, म्हणजे ३८४ महिने. महिन्याला हजार रुपयांच्या आसपास. १९९२ मध्ये महिन्याला हजार रुपये मिळाले असते तर थोरल्याची शाळा सुटली नसती. २०२३ मध्ये आलेले चार लाख अनेक घरांत वारसांत वाटले गेले, कारण ज्याच्या नावाचे ते होते तो उरला नव्हता. मृत्यूचा दाखला, वारसाचे शपथपत्र, मिलच्या कागदावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांचा मेळ, यासाठी फिरणाऱ्या म्हाताऱ्या बायका आम्ही त्या हिवाळ्यात पाहिल्या.

मुंबईच्या गिरणगावाशी तुलना अपरिहार्य आहे. तिथला संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यावर पुस्तके आली, नाटके-सिनेमे आले. संपाच्या आधीच, १९७५ मध्ये, प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा ही संघटना बांधली होती आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले होते. आमच्या वस्तीत होमी दाजी आणि पेरीन दाजी यांच्यासारखी लढाऊ माणसे कामगारांसाठी उभी राहिली, मोर्चे निघाले, पण स्वयंपाकघरातून कमावणाऱ्या बाईची अशी संघटना आम्ही पाहिली नाही. तिचा धंदा शेवटपर्यंत ‘घरी थोडी मदत’ एवढाच राहिला.

इंदूरच्या मिलची खूण म्हणून आज सगळ्यांना दिसते ती अनंत चतुर्दशीची झांकी. १९२० च्या दशकात सर सेठ हुकुमचंदांच्या मिलपासून सुरू झालेली ही मिरवणूक शंभरी ओलांडून गेली. मिल मिटल्या, झांक्या चालू आहेत. काही वर्षे असे झाले की काम गेलेला माणूस दोन-दोन महिने बंद मिलच्या आवारात बांबू, तारा आणि दिवे घेऊन बसलेला असे आणि घरी बायको म्हणे, चूल पेटायची भ्रांत आणि यांना झांकी सुचते. तिचे म्हणणे बरोबर होते. पण त्याच आवारात त्याला चार माणसे भेटत, कुठे चौकीदार हवा आहे, कुठे वायरमन हवा आहे हे कळत असे. झांकीचे दिवे लावणाऱ्यांपैकी काहींना पुढे लग्नाच्या मांडवांची रोषणाईची कामे मिळाली. वहीत तो पैसा ‘लाइट’ या नावाने आला आहे.

मिलच्या चिमण्या पाडल्या गेल्या, जमिनीवर नवे नकाशे आले. कोर्टाचे निकाल जतन राहतील, कारण त्यांच्या प्रमाणित प्रती निघतात. वह्यांची प्रत निघत नाही आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जात आहेत. ज्या तीन वह्या आम्ही पाहिल्या त्यांच्या बरोबरच्या दोन गेल्याच वर्षी गेल्या. म्हणून आमची मंडळाच्या सभासदांना विनंती आहे. आपल्या किंवा ओळखीच्या घरी १९८५ ते २००५ या काळातल्या घरखर्चाच्या वह्या, किराण्याची खाती, भिशीच्या याद्या, शिलाईच्या डझनांच्या चिठ्ठ्या असतील तर त्या उत्सवाच्या दहा दिवसांत मांडवातल्या टेबलावर आणून द्याव्यात. पानांचे फोटो काढून वही त्याच दिवशी परत मिळेल. नाव छापायचे नसेल तर तसे सांगावे. पाने सुटलेली, तेलाचे डाग पडलेली असली तरी चालतील.